उताराची ऊब

सीनापूरच्या निर्वाहविज्ञान संस्थेतल्या भिंतभर पडद्यावर सव्वा लाख घरांचे आकडे सरकत होते आणि डॉ. विशाखा ठोंबरे त्यातल्या एकाच आकड्याकडे अर्धा तास बघत बसली होती. आकडा होता एकाहत्तर.

"मापक बिघडलाय," तिच्या मागे उभे राहून प्रा. जमखंडीकर म्हणाले. संस्था त्यांनीच उभारली होती आणि निर्वाहांकाचं सूत्रही त्यांचंच. साठी ओलांडली तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते पडद्यासमोर उभे राहत.

"दोनदा बदलला सर. तिसराही एकाहत्तरच दाखवतोय."

"मग चोरी असेल."

"असेल," विशाखा म्हणाली, पण तिच्या आवाजात तेवढी खात्री नव्हती.

निर्वाहांक म्हणजे एका माणसाला एक दिवस जगवायला लागणारी एकूण ऊर्जा. वीज आणि गॅस तर त्यात आलेच. पण नळाचं पाणी वर चढवायला लागलेली शक्ती, गहू पिकवायला आणि दळायला लागलेली शक्ती, अंगावरचा सदरा विणायला लागलेली शक्ती, हे सगळंही त्यात धरलेलं असे. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आता ऊर्जामुद्रा असायची आणि ती वस्तू उंबऱ्याच्या आत आली की दारावरचा गृहमापक ती मुद्रा वाचून नोंद करायचा. जमखंडीकरांनी गणित करून एक किमान रेषा काढली होती. पोटभर अन्न, चाळीस लिटर पाणी, दोन वेळचा स्वयंपाक, अंगभर कपडा आणि डोक्यावर छप्पर, एवढं धरलं तर माणसाला शंभर अंक लागतातच. शहराची सरासरी होती सहाशे चाळीस.

"शंभराच्या खाली माणूस जाऊ शकत नाही विशाखा. गेला तर तो उपाशी तरी असेल नाहीतर चोर तरी. घर कुणाचं आहे?"

"नरसम्मा चिलवेरी. घरात चार माणसं. जुन्या मागवाल्यांच्या वस्तीत राहतात."

"जाऊन बघ. उपाशी असतील तर ते आधी कळायला हवं."

या एका आकड्यामागे एवढी घाई करायला कारण होतं. तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. राज्याच्या जलऊर्जा मंडळानं सीनापूरला पाच वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात शहराची सरासरी साडेतीनशेच्या खाली आली नाही, तर पूर्वेकडच्या चार पेठांचं पाणी आणि वीज तोडायची आणि तिथल्या चाळीस हजार माणसांना दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं, असा लेखी आदेश होता. विशाखानं वर्षभर कागदावर नाना उपाय मांडून पाहिले होते. नवी यंत्रं, नव्या काचा, नव्या चुली. सगळ्यांचा खर्च असा की तो ज्यांना परवडेल त्यांना गरज नाही आणि ज्यांना गरज आहे त्यांना तो परवडणार नाही.

चिलवेरींचं घर गल्लीच्या टोकाला होतं. एका बाजूला बेकरी, मागे डाळिंबांचं शीतगृह आणि समोरून सूत रंगवायच्या कारखान्याचं गटार. एप्रिलचं ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. विशाखानं कडी वाजवली तेव्हा बासष्ट-त्रेसष्टची, शिडशिडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई दारात आली.

"मापकवाले व्हय? या. तिसऱ्यांदा आलात."

आत पाऊल टाकलं आणि विशाखा थबकली. घरात गारवा होता. पंखा बंद होता, वातानुकूलनाचं यंत्र कुठे दिसत नव्हतं, तरी झुळूक अंगाला लागत होती. जमिनीवर बसून तिची आठ-नऊ वर्षांची गुटगुटीत नात अभ्यास करत होती. उपासमारीची शंका तिथेच मिटली.

"हा वारा कुठून येतोय?"

नरसम्मानं वर बोट दाखवलं. छताच्या कोपऱ्यातून पत्र्याचं एक जाड नळकांडं बाहेर गेलं होतं. "मागचं शीतगृह गरम हवा बाहेर टाकतं. आधी ती आमच्या खिडकीतच यायची, उन्हाळ्यात जीव जायचा. मग पोरानं ती या नळकांड्यात सोडली. गरम हवा वर पळते, पळताना घरातली हवा ओढून नेते. तिच्या जागी खालच्या झरोक्यातून नवी येते. झरोक्यावर ओलं पोतं टाकलंय. एवढंच हाय."

"आणि पोतं भिजवायला पाणी?"

"शीतगृहाच्या यंत्रातून ठिबकतं की. दिवसाला चार बादल्या भरतात. पावसासारखं निर्मळ पाणी, वाया जात होतं."

विशाखा दुपारभर तिथे होती. चोरी शोधायला आलेली बाई हळूहळू विद्यार्थ्यासारखी नरसम्माच्या मागे घरभर फिरू लागली. रंगाच्या कारखान्यातून वाफाळतं पाणी गटारात यायचं. त्यात जुन्या फ्रीजची तांब्याची नळी वेटोळं करून बुडवली होती. नळीतून नळाचं स्वच्छ पाणी जाई आणि रंगाच्या पाण्याला न शिवता, फक्त त्याची ऊब घेऊन पिंपात पडे. चौघांच्या अंघोळी त्यावर होत. स्वयंपाकघराची भिंत बेकरीच्या भट्टीला लागून होती. तिच्यातल्या कोनाड्यात इडलीचं पीठ फुगत होतं आणि खालच्या फळीवर चिंचा वाळत होत्या. डाळ-भाताला चुलीवर फक्त एक उकळी. मग पातेलं उचलून गिरणीतल्या टाकाऊ कापसानं गच्च भरलेल्या लाकडी पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं आणि कामाला लागायचं. दोन तासांनी डाळ मऊ शिजलेली असे. अंथरूण-पांघरूण मागावरून कापून टाकलेल्या काठांचं. भाजी मंडई उठतानाची. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, शेवग्याची पानं, विकणारे जे टाकून जातात ते.

"हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पगार पंधरा तारखेला संपायचा बाई. उरलेल्या पंधरा दिवसांनी शिकवलं." नरसम्मानं पेटीचं झाकण उघडून तिच्यापुढे गरम डाळ-भात वाढला. "जेवा. पर्यावरण वगैरे तुमच्या शाळेतले शब्द. मी आपली चटका कुठं वाया जातोय ते बघते. भिंतीला हात लावला की कळतं."

डाळीला लसणाची फोडणी होती आणि वर चिंचेची आंबट चव. विशाखानं दोनदा मागून घेतली. संस्थेकडे परतताना तिला आपल्या नव्या काचांची आणि नव्या चुलींची लाज वाटत होती.

"सर, आपल्या तीन शक्यता चुकल्या," ती जमखंडीकरांना म्हणाली. "मापक ठीक आहे, चोरी नाही, उपासमार तर नाहीच. मी तिथे आपल्या घरच्यापेक्षा चांगलं जेवले."

तिनं फळ्यावर एक जिना काढला. "ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त तिचा दर्जा उतरतो. भट्टीत आग असते ती सर्वांत वरची पायरी. पाव भाजून झाला की भिंत तापलेली राहते, ती तिसरी-चौथी पायरी. बेकरीवाल्याला तिचा उपयोग नाही. पण पीठ फुगवायला आग लागतच नाही, ऊबच लागते. आपण सगळे प्रत्येक कामासाठी वरच्या पायरीवरून नवी ऊर्जा आणतो, एक पायरी वापरतो आणि बाकीचा जिना फेकून देतो. ही बाई दुसऱ्यांनी फेकलेल्या पायऱ्यांवर राहते."

"आणि मापक?"

"मापक बसलाय वरच्या पायरीवर. घरात नवीन काय आलं तेवढंच तो मोजतो. बेकरीची ऊर्जा बेकरीच्या नावावर पडलेली आहे. तीच पुन्हा नरसम्माच्या नावावर टाकली तर दोनदा मोजल्यासारखं होईल. म्हणून तिचा वापर शून्य."

"तीस वर्षं मी किमान रेषा शिकवतोय," जमखंडीकर म्हणाले, "आणि एक माग कामगार बाई तिच्याखाली संसार करते. हिला इथे आण विशाखा. आपल्याला शिकवायला आण."

अशी उतार योजना सुरू झाली. नाव नरसम्माच्या बोलण्यातूनच आलं. ती ऊर्जेला उताराचं पाणी म्हणायची. वरून खाली येताना जिथे जिथे अडवाल तिथे तिथे कामाला येतं.

पुढची चार वर्षं विशाखाच्या आयुष्यातली सगळ्यात दमवणारी आणि सगळ्यात सुखाची. संस्थेची गाडी पेठापेठांतून फिरायची. विशाखा आकडे सांगायची, नरसम्मा हात लावून दाखवायची. ती कारखान्यात शिरली की मालक आधी हसायचे. ती भिंतींवरून तळवा फिरवत जायची, एका जागी थांबायची आणि म्हणायची, "इथनं तुमचा रुपया गळतोय." उष्णमापी लावला की बरोबर तिथेच गळती सापडे. कापसाच्या पेट्या घराघरांत गेल्या. त्यांना खर्च नव्हताच, जुनी पेटी आणि टाकाऊ कापूस. सूत रंगवणाऱ्यांनी गटारात जाणारं गरम पाणी परत आपल्याच कढयांखाली फिरवलं. बेकऱ्यांनी भट्टीमागे मातीचं अस्तर लावून तीच ऊब पीठ मळायच्या खोलीत वळवली. शीतगृहांनी आपल्या गरम हवेवर डाळिंबाचे दाणे वाळवायला घेतले. मंडईतल्या बायका मुळ्याच्या पाल्याच्या जुड्या बांधून विकू लागल्या.

सरासरी सहाशे चाळीसवरून पाचशेवर आली, मग चारशे वीसवर. लोकांच्या हातात महिन्याअखेरीस चार पैसे उरू लागले, हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कामी आलं. ज्या घरांनी वापर कमी राखला त्यांना पाण्यात आणि विजेत सवलत मिळायची. ती मिळाल्यावर कुणी सैल सुटू नये म्हणून विशाखानं स्वतः एक नियम लिहून यंत्रात घातला होता. ज्या घराचा अंक मूळ अंकाच्या दुपटीवर जाईल, त्याला आपोआप नोटीस जावी आणि सवलत बंद व्हावी.

चौथ्या वर्षाच्या फेब्रुवारीत सरासरी तीनशे अडतीस झाली. मंडळाचं पत्र आलं, चार पेठांचा आदेश रद्द. जमखंडीकरांनी पत्र वाचून दाखवताना मध्येच चष्मा काढून पुसला.

त्याच आठवड्यात यंत्रानं दुपटीची यादी काढली. सव्वा लाखातली अकराशे चौतीस घरं. विशाखानं नोंदीसाठी सही करण्याआधी सहज नजर टाकली आणि तिचा हात थांबला. चौथ्या ओळीत नरसम्मा चिलवेरी होती. मूळ अंक एकाहत्तर, आताचा अंक एकशे अठ्ठेचाळीस. नोटीस आदल्या दिवशीच रवाना झाली होती.

मापक बिघडला असणार, असं या खेपेला तिलाच आधी वाटलं. गाडी काढून ती तडक मागवाल्यांच्या वस्तीत गेली.

दार सून पद्मानं उघडलं. घरात उकडत होतं. छताखाली पंखा फिरत होता, तो चालू असलेला विशाखानं या घरात पहिल्यांदाच पाहिला. स्वयंपाकघरात गॅसवर अंघोळीचं पाणी तापत होतं. नरसम्मा जमिनीवर बसून गोधडीला टाके घालत होती. तिच्यापुढे नोटीस पडली होती, नीट घडी करून.

"बसा डॉक्टरबाई. हे वाचून दाखवा जरा. पोरगी म्हणते, आम्हाला उधळे म्हटलंय."

विशाखानं कागद उचलला नाही. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला. भिंत गार होती. ती बाहेर जाऊन गटारापाशी वाकली. तांब्याची नळी अजून तिथेच होती, वरून पाणीही वाहत होतं, पण वाफ नव्हती. मागे शीतगृहाच्या भिंतीतलं भोक बुजवलेलं होतं आणि पत्र्याच्या नळकांड्यावर कबुतरं बसली होती.

ती परत आत येऊन नरसम्माशेजारी जमिनीवर बसली.

"अक्का," ती म्हणाली. चार वर्षांत नरसम्माबाईंची अक्का कधी झाली ते तिला आठवत नव्हतं. "हे मला दिसायला हवं होतं. मी फळ्यावर जिना काढला होता. वरच्यांनी सगळ्या पायऱ्या स्वतःच वापरल्या तर खाली काय येणार, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं."

"व्हय."

"तुम्हाला कधी कळलं?"

नरसम्मानं सुई अडकवून ठेवली. "कळायचं काय त्यात. बेकरीवाल्याला अस्तर लावायला सांगायला तुम्ही मला घेऊन गेलात. मी हात लावून जागा दाखवली. त्या भिंतीच्या पलीकडं कोण राहतं?"

विशाखाला ती सकाळ आठवली. योजनेचा तो पहिला आठवडा होता. नरसम्मानं भट्टीमागे तळवा ठेवला होता, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. बेकरीवाला म्हणाला होता, अस्तर किती जाड घालू? आणि ती म्हणाली होती, वीतभर तरी घाल, पातळ घातलंस तर गळंल.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बाकी सगळ्यांनी वाचवा, एवढी एक भिंत सोडा, असं?" नरसम्मा हसली नाही, रागावलीही नाही. "आमचे सासरे तेलंगणातनं उठून आले इकडं. विहिरी आटल्या म्हणून. माग मोडून, फळ्या खांद्यावर घेऊन आले. वाटेत एक मूल गेलं. ते मरेपर्यंत सांगायचे, माणसानं एकदा उठावं, दुसऱ्यांदा उठायची पाळी येऊ नये. तुम्ही चार पेठा उठणार म्हणालात. चाळीस हजार माणसं. आणि इकडं माझं अंघोळीचं पाणी. यात विचार काय करायचा?"

पद्मा दारात उभी राहून ऐकत होती. "माझं माहेर पूर्वेच्या पेठेतलंच," ती हळूच म्हणाली. "पण सासूबाईंनी त्यासाठी केलं नाही. माहेर नसतं तिथं तरी केलंच असतं."

"सवलत जाऊ दे," नरसम्मा म्हणाली. "भागवू आम्ही. पण कागदावर उधळी नको म्हणायला. पोरीच्या शाळेत वाचतील."

विशाखा संस्थेत परतली ती थेट यादीसमोर बसली. अकराशे चौतीस घरांचे मूळ अंक तिनं एकाखाली एक मांडले. एकही घर सव्वाशेच्या वर नव्हतं. हातगाडीवाले, कागद-काच गोळा करणाऱ्या बायका, भट्ट्यांच्या आणि कारखान्यांच्या कडेनं राहणारी माणसं. संपूर्ण यादीत एक उधळं घर नव्हतं.

"आपण एकाहत्तराला तिचा पराक्रम समजलो," ती जमखंडीकरांना म्हणाली. "तो तिचा निम्माच होता. उरलेला निम्मा शहराची गळती होती. ती गळती आपण तिच्याच हातानं बुजवली. तुमची किमान रेषा बरोबर होती सर. जिथे काही वाया जात नाही तिथे शंभराखाली कुणीच जगू शकत नाही."

"आणि तिचा खरा पराक्रम?"

"तो आता दिसतोय. कुणाच्याही उरलेल्यावर न राहता, सगळं नवं घेऊन, एकशे अठ्ठेचाळीस. शहर तीनशे अडतीसवर असताना. सगळ्यांना वाचवायला जिनं शिकवलं, तिलाच मी नोटीस पाठवली."

जमखंडीकर उठून खिडकीपाशी गेले. "नियम बदल," ते म्हणाले. "घराची तुलना त्याच्याच कालच्या अंकाशी करायची नाही. किमान रेषेशी करायची. आजच बदल. आणि माफीचं पत्र यंत्राकडून नको जायला, माझ्या हातानं लिहितो."

अकराशे चौतीस पत्रं लिहायला त्यांना बारा दिवस लागले. नोटिसा मागे घेतल्या गेल्या, सवलती परत मिळाल्या. पण अंघोळीचं गरम पाणी सवलतीनं परत येत नव्हतं. या घरांचं जे गेलं ते शहरात आता शिल्लकच नव्हतं. विशाखानं शहराचा सगळा उष्णतानकाशा पालथा घातला, तरी कुठे मोकळी पायरी सापडेना. अखेर तिनं नरसम्मालाच बोलावून घेतलं.

नरसम्मा दुपारी आली. चार वर्षं ती संस्थेच्या गाडीतून शहरभर फिरली होती, पण संस्थेच्या इमारतीत तिचं येणं दोन-तीनदाच झालं होतं आणि तेही दारातल्या सभागृहापर्यंत. या खेपेला विशाखा तिला लांबलचक मार्गिकेतून मागच्या दालनाकडे नेत होती. भिंतीवर उष्णतानकाशा लावला होता, तो दाखवत ती सांगत होती की हे बघा, बेकऱ्या निळ्या झाल्या, रंगाचे कारखाने निळे झाले, कुठेही लाल ठिपका उरला नाही.

बोलता बोलता तिला जाणवलं की आपल्यासोबतची पावलं थांबली आहेत. नरसम्मा मागे उभी होती. तिचा उजवा तळवा भिंतीवर टेकला होता.

"ह्याच्या पलीकडं काय हाय?"

"गणनयंत्रं आहेत. मापकांचे आकडे तिथे येतात. सव्वा लाख घरं, दर मिनिटाला."

"तापतात?"

"फार. दिवसरात्र थंड ठेवावी लागतात. गरम हवा गच्चीवरून..." विशाखा बोलायची थांबली.

"वर सोडता," नरसम्मानं वाक्य पुरं केलं. "तुमच्या घराचा अंक किती?"

"हे घर नाही अक्का. इथे कुणी राहत नाही. म्हणून इथे मापक..."

जमखंडीकर दालनाच्या दारात आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. निर्वाहांक माणशी काढायचा, असं सूत्र त्यांनीच लिहिलं होतं. जिथे माणूस राहत नाही तिथे भागाकार होत नाही. कारखान्यांची ऊर्जा त्यांच्या मालावरच्या ऊर्जामुद्रेत मोजली जाई, पण संस्था काहीच विकत नव्हती, म्हणून ती एकच इमारत सूत्राच्या बाहेर राहिली होती. आणि मोजणं हेही एक काम आहे, त्यालाही वरच्या पायरीची ऊर्जा लागते, हे मोजणाऱ्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. घरं जसजशी कमी वापरू लागली तसतसे त्यांचे आकडे बारकाईनं घ्यायला दरवर्षी नवी यंत्रं आली होती.

त्याच संध्याकाळी जमखंडीकरांनी संस्थेच्या विजेचा जमाखर्च काढून स्वतः गणित केलं. गच्चीवरून रोज आकाशात जाणारी ऊब नऊशे घरांच्या पाण्याला पुरली असती. बेचाळीस माणसं इथे काम करतात म्हणून बेचाळीसनं भागलं, तर संस्थेचा अंक साडेनऊ हजारांच्या वर येत होता. तो त्यांनी खडूनं फळ्यावर लिहिला आणि पुसू नका म्हणून शिपायाला बजावलं.

पावसाळा संपेपर्यंत काम झालं. दर मिनिटाला येणारे आकडे दिवसातून दोनदाच घ्यायचे ठरलं, त्यानं निम्मी यंत्रं बंद झाली. उरलेल्यांची ऊब वाहून न्यायला संस्थेच्या मागच्या वस्तीत जाडजूड वेष्टणाच्या नळ्या टाकल्या. त्या वस्तीत यादीतली दोनशे सहा घरं होती. नळ्या कुठून न्यायच्या, वळण कुठे द्यायचं, पहिलं पिंप कुणाच्या अंगणात बसवायचं हे नरसम्मानं उन्हात उभं राहून ठरवलं. अभियंत्यांनी एके ठिकाणी काटकोनात वळण घेतलं होतं, ते तिनं काढायला लावलं.

पाणी पहिल्यांदा सोडलं त्या सकाळी विशाखा तिच्या शेजारी उभी होती. एका म्हाताऱ्या हातगाडीवाल्यानं पिंपाची तोटी उघडून धारेखाली हात धरला आणि तो तसाच धरून ठेवला.

"तुमच्या गल्लीपर्यंत काही करता येईना, अक्का," विशाखा म्हणाली. ही गोष्ट तिला आठवडाभर सलत होती. "चार किलोमीटर अंतर आहे. एवढ्या खालच्या पायरीची ऊब वाटेतच संपते. कितीही जाड वेष्टण घातलं तरी तुमच्याकडे गारच पाणी पोचेल."

"माहीत हाय मला," नरसम्मा म्हणाली. "वळण काढायला लावलं ते कशाला? दोन वाव, म्हणजे बारा-एक फूट, जास्तीचं अंतर पडत होतं. तेवढ्यातही ऊब गळते."

त्या वर्षाअखेरीस यादी निघाली तेव्हा चिलवेरींच्या घरापुढे एकशे अठ्ठेचाळीसच होते. मागच्या वस्तीतली दोनशे सहा घरं मात्र शंभराच्या थोडी खाली उतरली होती. पडद्यावर ती ओळ सरकली तेव्हा नवा शिकाऊ संशोधक गडबडून विशाखाला बोलवायला आला. मापक बिघडलेत, तो म्हणाला, शंभराखाली कुणी जगू शकत नाही.

विशाखानं त्याला खुर्ची दिली, फळ्यावरच्या साडेनऊ हजारांच्या आकड्याखाली जी थोडी जागा उरली होती तिथे एक जिना काढला आणि सांगायला सुरुवात केली.